पौषातले दोन दिवस

माळशिरसच्या पेठेत आज बहुतेक दुकानदारांच्या दारात मोटारगाडी उभी असते. ती कोठे कोठे जाते याचा हिशेब मांडला तर चार खाती निघतात : माल, लग्न, दुखवटा आणि दर्शन. पुण्याला जाते ती रविवार पेठेत ठोक खरेदीसाठी, सोलापूरला जाते ती चादरी-टॉवेलांसाठी, कुंथलगिरीला जाते ती वर्षातून एकदा. केवळ हिंडण्यासाठी गाडी काढणे हे पाचवे खाते आमच्याकडे उघडलेलेच नाही. बँकेत छत्तीस वर्षे काढल्याने हा शब्द सुचला. वाचकांनी समजून घ्यावे.

आमचा नातू या वर्षी चौथीत आहे. येत्या जूनपासून तो पाचवीसाठी पुण्यास, आजोळी राहणार हे घरात ठरले आहे. तालुक्यातील कितीतरी घरांत हे असेच ठरते. मूल नऊ-दहा वर्षांचे झाले की शिक्षणासाठी शहरात जाते, तेथेच पदवी घेते, तेथेच नोकरीला लागते आणि दुकानाच्या पाटीवर मात्र 'आणि सन्स' तसेच राहते. त्याबद्दल मी येथे काही म्हणणार नाही. मी स्वतः वडिलार्जित कापडदुकान थोरल्या बंधूंवर सोपवून नोकरीत गेलो होतो. बंधूंच्या पश्चात ते माझ्या चिरंजीवाने सांभाळले. मला अस्वस्थ केले ते एका साध्या उत्तराने. "पुण्यात काय काय आहे रे?" असे विचारल्यावर नातू म्हणाला, "मोठी दुकानं." वडिलांबरोबर तो सहा-सात वेळा पुण्यास गेला होता. गोदाम, गठ्ठे, व्यापाऱ्याने दिलेली शीतपेयाची बाटली आणि परतीच्या वाटेवर मागच्या सीटवर ताग्यांच्या शेजारी लागलेली झोप, एवढेच त्याचे पुणे. ज्या शहरात हे मूल आता आईवडिलांवाचून राहणार, ते शहर त्याने एकदा तरी वडिलांचे बोट धरून, काही विकत न घेता पाहावे असे मला वाटले. दोन दिवस, एक मुक्काम. एवढीशी गोष्ट, परंतु तिच्या आखणीत मला तीन आठवडे गेले.

सर्वांत अवघड होते ते दिवस ठरवणे. कापडाच्या धंद्याला स्वतःचे पंचांग असते. दिवाळीत हलता येत नाही. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराईचे बस्ते सुरू होतात. उन्हाळ्यात पुन्हा लग्ने, आणि वरून असे ऊन की मुलाला गाडीत बसवणे नको. जून हा शालेय गणवेशाचा. आषाढात तर रस्ताच आपला नसतो. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नातेपुते, माळशिरस, वेळापूर असे मुक्काम करीत जाते, तुकाराम महाराजांची पालखी सराटीला नीरा ओलांडून अकलूजला येते, आणि पुण्याच्या आमच्या दोन्ही वाटा वारकऱ्यांच्या असतात, असाव्यातही. पुढे चातुर्मासात घरात उपवास, पर्युषण. राहता राहिला पौष. पौषात लग्ने होत नाहीत, म्हणून बस्ते नाहीत. संक्रांतीची किरकोळ गर्दी ओसरली की माघापर्यंत दुकानात माशा मारायची वेळ येते. हवाही प्रवासाला उत्तम. तेव्हा संक्रांतीनंतरचा पहिला शनिवार-रविवार मी वहीत लिहिला.

पौषात एकच धोका, आणि तो आमच्या भागात राहणाऱ्यांनाच ठाऊक. साखर कारखान्यांचा हंगाम तेव्हा ऐन भरात असतो. एका ट्रॅक्टरमागे उसाने शिगोशीग भरलेल्या दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, असलाच तर उसाच्या वाढ्यांत दडलेला. अंधार पडल्यावर समोरून येणाऱ्या दिव्यांनी डोळे दिपतात आणि पुढची ट्रॉली अगदी अंगावर आल्यावर दिसते. म्हणून वहीतले पहिले कलम : सूर्योदयापूर्वी निघायचे नाही आणि सूर्यास्तानंतर रस्त्यावर राहायचे नाही. आमच्या घरात जेवण तसेही सूर्यास्तापूर्वी होते, त्यामुळे हे कलम सर्वांच्या लगेच पचनी पडले. जानेवारीच्या मध्यास सव्वासहाच्या सुमारास सूर्य मावळतो. सारी आखणी त्या सव्वासहापासून उलटी मोजत केली.

चिरंजीवाची हरकत अपेक्षेप्रमाणेच आली. "दुकान दोन दिवस बंद ठेवायचं? बाजूचा उघडा असताना?" रोखीचे गिऱ्हाईक एकदा शेजारच्या पायरीवर चढले की परत येत नाही, ही त्याची भीती खोटी नव्हती. मी म्हटले, दुकान बंद राहणार नाही, मी बसेन. तो हसला. हसण्यास कारण होते. कापडाच्या ताग्यावरील चिठ्ठीत खरेदीचा भाव अंकांत नसतो. तो सांकेतिक अक्षरांत लिहिलेला असतो, आणि त्या अक्षरांची किल्ली प्रत्येक घराची वेगळी. आमच्या दुकानाची किल्ली वडिलांनी ठरवलेली, आणि ती मला कधी लागलीच नव्हती. ती मला शिकवली नातवाने. शुक्रवारी रात्री तो माझ्यासमोर मांडी घालून बसला आणि दहा अक्षरे, दहा अंक अशी उजळणी त्याने माझ्याकडून तीन वेळा करून घेतली. ती किल्ली येथे अर्थातच सांगता येत नाही!

आता रस्ता. फलटण, लोणंद, नीरा, जेजुरी, सासवड हा पालखी मार्ग जवळचा. त्याच्या चौपदरीकरणाची पायाभरणी ८ नोव्हेंबर २०२१ रोजी झाली आणि पूर्वीच्या मानाने तो आज पुष्कळ रुंद आहे. परंतु सासवडनंतर दिवे घाट येतो, आणि नातवाला घाटात हमखास मळमळते. दुसरी वाट अकलूज, सराटी, इंदापूरवरून सोलापूर-पुणे महामार्गाला मिळणारी. पंचवीस-तीस किलोमीटर जास्त, पण घाट नाही. शिवाय तिच्यावर भिगवण आहे. उजनी धरणाच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात, आणि शेजारच्या कुंभारगावातील मच्छीमार होडीतून ते जवळून दाखवतात. भीमेचे पाणी अडले तेव्हा कित्येक गावांच्या जमिनी त्याखाली गेल्या. त्याच पाण्यावर आज परदेशी पाखरे येतात आणि काही घरांची चूल त्यांच्यावर चालते. जाताना ही वाट ठरली. होडीत प्रत्येकाने, म्हणजे मोठ्यांनीही, तरंगते जाकीट घालायचे, असे वहीत नमूद केले.

गाडीत मूल कसे बसेल, यावरून घरात चांगलीच चकमक झाली. आजवर नातू पुढे, आईच्या मांडीवर किंवा दोन सीटांच्या मध्ये उभा. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली जी दुरुस्ती झाली तिच्या कलम १९४-ब नुसार चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा बालआसन नसेल तर हजार रुपये दंड आहे. पण दंड हे कारण नव्हे. गाडी ऐंशीच्या वेगाने जात असता ब्रेक लागला तर मांडीवरचे मूल आईच्या हातांत राहू शकत नाही, हा साधा हिशेब आहे. मोठ्यांचा पट्टा मुलाच्या मानेवरून जातो, तोही घातक. म्हणून मुलाला उंच करणारी बैठक घेतली, म्हणजे पट्टा खांद्यावरून आणि मांडीवरून नीट जातो. आमच्या सौ. म्हणाल्या, "लेकराला गुरासारखं बांधून नेणार का?" मी उत्तर दिले नाही. नातवालाच एकदा बसवून अकलूजपर्यंत नेऊन आणले. उंच बसल्यामुळे खिडकीतून सारे दिसते हे त्याच्या ध्यानात आले आणि वाद मिटला.

पुण्यात काय पाहायचे, याची घरातून आलेली यादी चौदा ठिकाणांची होती. मी तिच्यातील अकरा खोडली. मूल दमले की त्याला ताजमहालही नको असतो. दिवसाला दोनहून अधिक गोष्टी नकोत, असे ठरवले.

पहिली मेट्रो. आमच्या गावाला रेल्वे नाही. फलटणहून पुण्याला २०२१ साली गाडी सुरू झाली, पण तिथून पंढरपूरपर्यंतचा मार्ग आमच्या तालुक्यातून जाणार, हे मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. तेव्हा रुळांवरची गाडी हेच मुलाला नवल. स्वारगेट ते जिल्हा न्यायालय हा भुयारी टप्पा २९ सप्टेंबर २०२४ रोजी सुरू झाला. न्यायालयाचे स्थानक जमिनीखाली सुमारे तेहतीस मीटर आहे, म्हणजे आमच्याकडच्या खोल विहिरीच्याही खाली. तेथेच सरकत्या जिन्यांनी वर वर जाऊन वनाजकडची गाडी धरली की ती खांबांवरून धावते, आणि वाटेत डेक्कन व संभाजी उद्यान ही पगडीच्या आकाराची स्थानके लागतात. पाताळातून आकाशात, तीही तिकिटाच्या अल्प पैशांत. मुक्काम म्हणून स्वारगेटजवळचे साधे, स्वच्छ लॉज निवडले ते यासाठीच. गाडी तेथे लावली की शहरात तिला हात लावायचा नाही. पुण्याच्या पेठांत गाडी घालणे म्हणजे दोन तासांचा सहलीतला वेळ पार्किंगला दान करणे होय.

दुसरे, राजा दिनकर केळकर संग्रहालय, मेट्रोच्या मंडई स्थानकापासून जवळच. हे माझ्या आग्रहाने. दिनकर गंगाधर केळकर हे कवी, 'अज्ञातवासी' या नावाने लिहीत. पण त्यांच्या घरचे चष्म्याचे दुकान होते, हे आपल्या वाचकांनी मुद्दाम ध्यानात घ्यावे. दुकान सांभाळून या गृहस्थांनी गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, कुलपे, दौती, भांडी, वाद्ये, दरवाजे अशा वीस हजारांवर वस्तू जमवल्या आणि १९७५ साली तो सारा संग्रह शासनाला देऊन टाकला. संग्रहालयाच्या नावातील 'राजा' म्हणजे त्यांचा लहान वयातच वारलेला मुलगा. हे मी चिरंजीवाला सांगितले. तो वहीकडे पाहत राहिला, आणि त्यानंतर त्याने एकाही कलमाला हरकत घेतली नाही.

तिसरे कात्रजचे प्राणिसंग्रहालय. ते बुधवारी बंद असते, आमचा रविवार होता. दार उघडताच आत शिरायचे, कारण दुपारी रविवारी तेथे जत्रा भरते. शनिवारवाडा बाहेरून.

खाण्याचे फारसे काही ठरवावे लागले नाही. दशम्या, खाकरे, बिनलसणाची शेंगाचटणी, उकळून गार केलेले पाणी हे सूनबाईंचे खाते. पुण्यात कांदा-लसूण व कंदमुळाशिवायचे जेवण आता सहज मिळते. अडचण वेळेची असते. हॉटेलांचे रात्रीचे जेवण सातनंतर सुरू होते. म्हणून शनिवारी साडेपाचला जेवून घ्यायचे आणि नंतर मेट्रोत बसायचे, असा क्रम लावला. खर्चाचा अंदाजही काढला होता. प्रत्यक्ष खर्च त्याच्या आतच राहिला एवढे सांगून तो विषय सोडतो.

शेवटचे कलम मोबाईलचे. दुकानाचा फोन माझ्याकडे राहील आणि चिरंजीवाने रात्री नऊला एकदाच फोन करावा.

शनिवारी सातला ते निघाले आणि नऊला मी गादीवर बसलो. पौषातले दुकान, तरी पहिल्याच तासाला वेळापूरची एक बाई लेकीच्या ओटीचे कापड घ्यायला आली. मी चिठ्ठीवरील अक्षरे वाचली, मनात अंक मांडले, भाव सांगितला. तिने नेहमीप्रमाणे घासाघीस केली. किल्ली बरोबर चालली. दुपारी एक घाऊक व्यापारी फोनवर म्हणाला, "मालक पुण्यात आहेत ना, मग पेढीवर येऊन नवा माल बघून जाऊ दे की." मी म्हटले, मालक सुट्टीवर आहेत. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग तो म्हणाला, "सगळं ठीक आहे ना घरी?"

रात्री नऊचा फोन नातवाने घेतला. रोहित पक्षी उडाले की पंखाखालचा लाल रंग दिसतो, ते बसले असता दिसत नाही; बाबा सरकत्या जिन्याला घाबरले; संग्रहालयात कुलपे खूप आहेत, बाबांनी प्रत्येक कसे उघडत असेल ते सांगितले; आणि एका पेठेतून जाताना बाबा एका कापडदुकानासमोर थांबले होते, पण आत गेले नाहीत. हे शेवटचे त्याने हळू आवाजात सांगितले.

परतीची वाट त्यांनी बदलली. नातवालाच दिवे घाट पाहायचा होता, खाली मस्तानीचा तलाव दिसतो असे कोणी सांगितले होते. उंच बैठकीवरून समोर पाहत राहिल्याने म्हणा किंवा उत्साहाने म्हणा, या वेळी त्याला मळमळले नाही. सहाला दहा मिनिटे कमी असताना गाडी दारात होती. ताटे मांडलेलीच होती.

सोमवारी सकाळी चिरंजीवाने दोन दिवसांच्या पावत्या तपासल्या, काही बोलला नाही, गल्ला जागेवर लावला. मग पाठमोराच म्हणाला, "जूनमध्ये याला न्यायला मामा येणार आहेत ना, त्यांना नको म्हणून कळवा. मी सोडायला जाईन. भिगवणवरून." जून म्हणजे गणवेशाचा ऐन हंगाम. गल्ल्यावर कोण बसणार, हे त्याने विचारले नाही. अक्षरांची किल्ली मी पुन्हा एकदा उजळून ठेवली आहे.