काट्याची खबर

कोयनानगरला पाऊस लागला की पायाची कातडी दिवसभर भिजलेलीच राहते. हेळवाक-रासाटीकडे भातलावणीला उतरलेल्या बाईच्या टाचेत करवंदीचा काटा मोडतो, ती तशीच चिखल तुडवत राहते आणि एक-दोन दिवसांत जांघेत अवधाण येते. घरातली म्हातारी लगेच विचारते, "पायाला काय लागलंय का गं?" म्हातारीचे अगदी बरोबर असते. टाचेतली खबर जांघेपर्यंत नेणारी एक पेशी आहे आणि माझा तिच्यावर फार जीव आहे.

डेंड्रिटिक पेशी हे तिचे नाव. अंगाला चहूकडून फांद्या फुटलेल्या. कातडीतली तिची एक जात पॉल लांगरहान्स या विद्यार्थ्याला बर्लिनमध्ये १८६८ साली दिसली होती, पण त्या फांद्यांमुळे त्याला ती चेतापेशी वाटली. पुढची शंभर वर्षे तिचे काम कोणी ओळखलेच नाही. १९७३ साली राल्फ स्टाइनमन आणि झॅन्विल कोन यांनी उंदराच्या प्लीहेत अशीच पेशी हेरली, आणि या शोधासाठी स्टाइनमनना नोबेल मिळायला २०११ साल उजाडले.

एरवी ती एका जागी बसून भोवतालचा रस चाखत असते. काट्याबरोबर जंतू आत शिरला की त्याला गिळते. शेजारची महाभक्षी पेशी जंतूचा पार चुरा करून टाकते; ही मात्र हात राखून पचवते, कारण तिला पुरावा शिल्लक हवा असतो. तिच्या पोटातल्या आंबट पिशवीत जंतूच्या प्रथिनांचे तुकडे होतात. तिथेच एमएचसी नावाचे प्रथिन येऊन थांबलेले असते. त्याच्या माथ्यावर एक खाच, आणि भलताच तुकडा आधीच बसू नये म्हणून त्या खाचेत बूच मारलेले. पिशवीत बूच निघते आणि पंधराएक अमिनो आम्लांचा तुकडा पन्हळीत पडलेल्या काडीसारखा तिथे आडवा बसतो. मग हे सगळे पेशीच्या अंगावर येते. एवढ्या मोठ्या जंतूतले एवढेसे काही दाखवायला पुरते, याचे मला अजून नवल वाटते.

यानंतर ती खाणे सोडते, कातडीतून सुटते आणि लसीकावाहिनीत शिरून जांघेतल्या गाठीत पोचते. तिथे जंतूंशी लढणाऱ्या टी पेशींची रीघ लागलेली असते. या विशिष्ट तुकड्याशी जुळणारी टी पेशी लाखात, कधी दहा लाखांत एक. म्हणून ही फांद्या पसरून उभी राहते आणि तासाला शेकडो टी पेशी तिला चाचपून पुढे जातात. याच काळात गाठीतून बाहेर पडायची वाट काही वेळ बंद होते, आत मात्र नव्या पेशी येतच राहतात. ठणकणारे अवधाण म्हणजे बरेचसे हेच.

जुळणारी भेटली तरी नुसता तुकडा दाखवून भागत नाही. इजा झाली होती, धोका खरा होता, याची दुसरी खूणही ती अंगावर मिरवत असते. ती खूण नसताना तुकडा दिसला, तर टी पेशी लढायला उठत नाही, उलट थंड पडते. आपल्याच शरीराचे तुकडेही ही पेशी सतत दाखवत असते, त्यामुळे हा संयम नसता तर आपण स्वतःलाच पोखरून काढले असते. तिच्या सगळ्या गुणांत मला हाच थोर वाटतो.

दोन्ही खुणा पटल्या की ती एक टी पेशी वाढू लागते आणि आठवड्याभरात तिच्या हजारो लेकी होतात. त्यातल्या काही रक्तातून टाचेकडे निघतात, काही गाठीत राहून जंतूविरुद्धची प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशींना हाताशी धरतात. खबर आणणारी मात्र परत कातडीत जात नाही. काही दिवसांत तिथेच संपते. लावणीला गेलेल्या बाईने तोवर टाचेतला काटा काढून घ्यावा आणि अवधाण चोळू नये. ताप चढला किंवा पायावर लाल रेघ वर सरकू लागली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.