आधी किनारा, मग हॉटेल

मॉरिशसला जायचं ठरलं ते धाकट्या बहिणीमुळे. ती लंडनला असते. तिच्या मुलांना शाळेची मोठी सुट्टी लागते जुलै संपता संपता, आणि ऐन पावसात पुण्याला येऊन मुलांना घरात कोंडून ठेवायची तिची आता तयारी नव्हती. ‘‘ताई, या वेळी तुम्हीच बाहेर पडा, कुठेतरी मधे भेटू,’’ असं म्हणाली. मॉरिशस काही पुणे-लंडनच्या मधे येत नाही. पण मुंबईहून थेट विमान, व्हिसा तिथल्या विमानतळावर आणि तोही फुकट, शिवाय आईला अगदीच परकं वाटणार नाही असा मुलूख. सगळ्यांनी हो म्हटलं आणि मग खरा घोळ सुरू झाला तो हॉटेलचा.

माणसं कशी, तर आई पंच्याहत्तरीची, गुडघ्यांनी बेजार, पूर्ण शाकाहारी. भाचे दोन्ही पाण्यात शिरले की बाहेर न येणारे. बहिणीच्या नवऱ्याची सुट्टीची व्याख्या म्हणजे खुर्ची, पुस्तक आणि कुणी हाक मारायची नाही. माझ्या नवऱ्याला मात्र एका जागी दोन तास बसवत नाही. या सगळ्यांना एका छपराखाली ठेवणारं हॉटेल मला शोधायचं होतं, कारण ‘ताईला असलं सगळं छान जमतं’.

व्हॉट्सॲपवर ग्रुप निघाला. रोज लिंक यायच्या. फोटो उघडावा तर निळं-हिरवं पाणी, वाकलेला माड, समुद्रात मिसळल्यासारखा दिसणारा तलाव, पांढऱ्या चादरीवर फुलांचा हंस. आठवडाभरात माझी अशी अवस्था झाली की कुठला हंस कुठल्या हॉटेलचा ते सांगता येईना. तारे मोजावेत तर सगळीच चार किंवा पाच ताऱ्यांची. रिव्ह्यू वाचावेत तर एकाच हॉटेलबद्दल एक जण लिहितो ‘स्वर्ग’ आणि दुसरा लिहितो ‘दार उघडलं की खोलीत वाळू, आम्ही दिवसभर आतच बसलो’. हे दोघं एकाच जागी राहिले होते यावर विश्वास बसत नव्हता.

उलगडा केला माझ्या मोठ्या दिरांनी. भाऊजी मर्चंट नेव्हीत होते. माझी यादी त्यांनी चष्मा वर सरकवून पाहिली आणि म्हणाले, ‘‘हॉटेल राहू दे गं, किनारा कुठला ते सांग. आणि महिना कुठला?’’

मी म्हटलं, ‘‘ऑगस्ट.’’

‘‘मग पूर्वेकडची सगळी खोड.’’

मॉरिशस दक्षिण गोलार्धात आहे, म्हणजे आपला पावसाळा तो त्यांचा हिवाळा, हे मला पुस्तकातलं माहीत होतं. त्याचा हॉटेलशी संबंध असतो हे नव्हतं माहीत. तिथे वर्षभर आग्नेयेकडून व्यापारी वारे वाहतात आणि जुलै-ऑगस्टमध्ये त्यांचा जोर सगळ्यात जास्त असतो. बेट लहान, उत्तर-दक्षिण जेमतेम 65 किलोमीटर, पण मधे पठार आहे आणि डोंगर आहेत. वारा पूर्व किनाऱ्यावर थेट येऊन आदळतो, पठारावर पाऊस टाकतो आणि पश्चिमेला उतरेपर्यंत मवाळ होतो. त्यामुळे त्याच दिवशी, त्याच वेळी पूर्वेला माणसं स्वेटर घालून बसलेली असतात आणि पश्चिमेला पोहत असतात. त्या दोन रिव्ह्यूंपैकी एक डिसेंबरातला होता आणि एक ऑगस्टमधला. तारीख बघायची मला सुचलंच नव्हतं.

आमच्या ट्रॅव्हल एजंटाचा सगळा जोर मात्र पूर्वेवर. बेल मारला एक मोठं हॉटेल होतं, त्यावर ‘खास ऑगस्ट ऑफर’. बेल मारची वाळू फार सुंदर, किनारा लांबलचक, हे सगळं खरंच आहे. पण ऑफर ऑगस्टमध्येच का, असं विचारल्यावर ते म्हणाले, ‘‘मॅडम, ऑफ सीझन ना.’’ ऑफ सीझन कशामुळे, हे काही त्यांनी सांगितलं नाही. पुढे मी वाऱ्याचं विचारलं तर ‘‘समुद्र म्हटला की वारा असायचाच,’’ असं उत्तर मिळालं. यावर काय बोलणार!

मग पूर्व बाजूला ठेवली. दक्षिणेला काही ठिकाणी प्रवाळाची भिंतच नाही, मोठ्या लाटा थेट खडकावर येतात, तिथे पोहायचा प्रश्न नव्हता. नैर्ऋत्येच्या टोकाला ले मॉर्न. 556 मीटरचा तो डोंगर, पळून गेलेल्या गुलामांनी आसरा घेतलेला, 2008 पासून जागतिक वारसा यादीत. त्याच्या पायथ्याशी असलेल्या हॉटेलांचे फोटो बघून माझा जीव फार वर-खाली झाला. पण टोक असल्यामुळे वारा तिथे वळसा घालून येतो. पतंगाला लोंबकळून लाटांवर धावणारे जगभरचे लोक ले मॉर्नला जातात ते त्यासाठीच. शिवाय हॉटेलच्या फाटकाबाहेर पाऊल टाकलं तर जायला काही नाही, म्हणजे माझा नवरा तिसऱ्या दिवशी भिंतीवर चढला असता.

उरले दोन. वायव्येचं त्रू ओ बिश आणि पश्चिमेचं फ्लिक-आं-फ्लाक. दोन्हीकडे पाणी शांत. त्रू ओ बिशजवळ ग्रां बे आहे, तिथे दुकानं, हॉटेलं, रात्रीची वर्दळ. पण विमानतळ बेटाच्या आग्नेय कोपऱ्यात, तिथून उत्तरेला पोचायला सव्वा तास तरी लागतो. आईला बघायची होती ती गंगा तलाव आणि शामारेलची सात रंगांची माती, आणि ती दोन्ही नैर्ऋत्येकडे. फ्लिक-आं-फ्लाक ठरलं. तिथून गावात पायी जाता येतं, कात्र बोर्न आणि पोर्ट लुईला सरकारी-खासगी बस जातात, हे नवऱ्याच्या दृष्टीने.

किनारा ठरल्यावर हॉटेलांची यादी एकदम पाच-सहावर आली. आता फोटो बाजूला ठेवून मी उपग्रहाचे नकाशे उघडले. जो निवडतो आहे त्याने हे जरूर करावं. हॉटेलसमोरच्या पाण्यात फिकट पट्टा दिसला तर तळाला वाळू. गडद ठिपके दिसले तर प्रवाळ किंवा समुद्री गवत, म्हणजे पायाखाली टोचणार. वाळूचा पट्टा खरोखर किती रुंद आहे तेही दिसतं. मॉरिशसमध्ये बऱ्याच ठिकाणी किनारा झिजला आहे, काही हॉटेलांनी पुढे दगड रचले आहेत, आणि जाहिरातीतले फोटो त्याआधीचे असू शकतात. एका हॉटेलचं नाव मी याच कारणाने काटलं. फोटोत भरपूर वाळू, नकाशावर दगडांची ओळ.

मग जेवणाचा प्रश्न. बहिणीच्या नवऱ्याला, म्हणजे भावजींना, ऑल इन्क्लुझिव्ह हवं होतं: एकदा पैसे भरले की खाणं-पिणं, कशालाच पाकीट काढायचं नाही. हाफ बोर्ड म्हणजे सकाळचा नाश्ता आणि रात्रीचं जेवण. दुपारचं तुमचं तुम्ही, पेयांचे पैसे वेगळे. हिशेब मांडल्यावर दिसलं की ऑल इन्क्लुझिव्हमधला मोठा वाटा दारूचा. आई पीत नाही, मी पीत नाही, मुलं आईस्क्रीमपलीकडे जात नाहीत. चार जणांनी भावजींच्या एका ग्लासाची वर्गणी भरायची, असं मी ग्रुपवर लिहिलं. त्यांनी हसण्याचं चित्र टाकलं आणि दुसऱ्या दिवशी हाफ बोर्डला मान्यता दिली. तरी रात्रीच्या जेवणाबरोबरचं पिण्याचं पाणी पैशात धरलेलं आहे का, हे मी विचारून घेतलं. काही हॉटेलांत ते बिलात येतं.

खोल्यांचं प्रकरण सगळ्यात चिवट. ‘सी व्ह्यू’ म्हणजे कुठूनतरी समुद्र दिसतो; तो कठड्यावर वाकून, झाडाच्या फांदीआडून दिसला तरी चालतो. ‘सी फेसिंग’ म्हणजे खोलीचं तोंड समुद्राकडे. ‘बीचफ्रंट’ म्हणजे मधे दुसरी इमारत नाही. या तिन्हींच्या भावात चांगलाच फरक. मी दोन खोल्या बागेकडच्या घेतल्या, कारण समुद्र बघायला आम्ही समुद्रावरच जाणार होतो. पण आईची खोली तळमजल्यावर हवी, आणि इथे अडलं. तिथली पुष्कळशी रिसॉर्ट दोन-तीन मजल्यांची, गवती छपराची, ऐसपैस पसरलेली. लिफ्ट सगळीकडे नसते. एजंट म्हणायचे, ‘‘रिक्वेस्ट टाकलीय.’’ नुसत्या रिक्वेस्टला काही अर्थ नसतो. शेवटी मी हॉटेललाच ईमेल केला, वय आणि गुडघे दोन्ही कळवले, आणि तळमजला, जेवणघरापासून जवळ, असं लेखी उत्तर आल्यावरच पैसे भरले.

प्रत्यक्षात कसं झालं, तर हॉटेल मध्यम होतं. फर्निचर जुनं, वायफाय फक्त स्वागतकक्षात धड चालणारं, बुफेत शाकाहारी म्हणजे डाळ, भात, भाज्यांचा एक रस्सा आणि चीज. पण पाणी तळ्यासारखं स्थिर. हवा आपल्या पुण्यातल्या डिसेंबरातल्या दुपारसारखी, पाणी पहिल्यांदा पाय घातल्यावर गार आणि मग छान. मुलं सकाळी शिरायची ती ओठ निळे होईपर्यंत. रबरी बूट मात्र सगळ्यांनी घातले, तळाशी समुद्री साळू असतात आणि त्यांचे काटे तळव्यात मोडले की सुट्टीच मोडते. संध्याकाळी सहाच्या सुमारास सूर्य थेट समोर पाण्यात उतरायचा. आई खोलीच्या पायरीवरून उठून चार पावलं चालायची आणि खुर्चीत बसायची. त्या चार पावलांसाठी केलेल्या ईमेलचं मला अजून कौतुक आहे.

एक दिवस आम्ही मुद्दाम पूर्वेला गेलो. त्रू द’ओ दूसहून बोटीने इल ओ सेर्फ, परत येताना बेल मार. वाळू पिठासारखी, रंग अप्रतिम, आणि वारा असा की छत्र्या मिटून ठेवलेल्या, टॉवेल खुर्च्यांना बांधलेले. एजंटाने सुचवलेल्या हॉटेलात आम्ही चहा प्यायलो, काचेच्या आत. आमच्या हॉटेलपेक्षा ते कितीतरी देखणं होतं, जेवणघर उत्तम, आणि लिफ्टही होती. बहीण म्हणाली, ‘‘ताई, नोव्हेंबरात इथेच यायचं.’’ मलाही तसंच वाटलं.

‘खासगी किनारा’ या शब्दांबद्दलही सांगायला हवं, कारण पुष्कळ जाहिरातींत ते असतात. मॉरिशसमध्ये भरतीच्या रेषेपर्यंतचा किनारा सगळ्यांचा आहे. त्या रेषेपासून आतला 81 मीटरचा पट्टाही फ्रेंच काळापासून सरकारी जमीन मानला जातो. हॉटेलं त्यावर उभी आहेत ती बहुतेक भाडेपट्ट्याने. खुर्च्या हॉटेलच्या, वाळू नाही. त्यामुळे कुठल्याही महागड्या हॉटेलसमोरून तुम्ही पाण्याच्या कडेने चालत जाऊ शकता, रखवालदार फार तर बघतो. आम्ही रोज तसे चाललो. फ्लिक-आं-फ्लाकच्या सार्वजनिक किनाऱ्यावर सुरूची झाडं आहेत. रविवारी तिथे गावोगावची कुटुंबं पातेली, चटया, ढोलकी घेऊन येतात. आम्हीही दुपारचं जेवण तिथेच गाडीवर घ्यायला लागलो. धोल पुरी म्हणजे वाटाण्याच्या डाळीचं सारण भरलेली मऊ पोळी, वर रस्सा आणि चटणी, कागदात गुंडाळून. आईचं त्यावर भागायचं. ऑल इन्क्लुझिव्ह घेतलं असतं तर हॉटेलात पैसे भरलेत म्हणून आम्ही दुपारी तिथेच बसलो असतो.

तिथेच एका बाईंनी आईचं नऊवारी बघून विचारलं, ‘‘तुमी मराठी?’’ त्या शेजारच्या कास्कावेल गावच्या, हॉटेलात कपडे धुण्याच्या विभागात काम करणाऱ्या. पणजोबा कोकणातून उसाच्या मळ्यात कामाला आले, एवढंच त्यांना माहीत. 1834 पासून मजुरांची जहाजं यायला लागली, त्यांतलंच एखादं. मराठी मोडकी, मधे मधे क्रिओल, पण आरत्या सगळ्या पाठ. कास्कावेलला दरवर्षी गणपती बसतो असं त्यांनी अभिमानाने सांगितलं. आई त्यांच्याशी तासभर बोलली; निम्मं दोघींनाही कळलं नसावं. मी इतके महिने वारा, वाळू आणि मजले तपासत होते, आणि शेजारचं गाव मराठी माणसांचं आहे हे एकाही हॉटेलच्या पानावर नव्हतं.

तेव्हा सप्टेंबरच्या आसपास जाणार असाल तर बुकिंगआधी गणेश चतुर्थीची तारीख बघा. तिथे त्या सणाची सरकारी सुट्टी असते, पण बहुतेक वर्षी ती आपल्या चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, विसर्जनाला. त्या दिवसांत राहायला पश्चिमेकडचंच हॉटेल घ्या.