अगं, बिअर मुरते!

गेल्या शनिवारपासून मला दुसरं काही सुचत नाहीये. भेटेल त्याला सांगतेय. पुण्याच्या बहिणीला तर तिकडे सकाळचे सहा वाजलेले असताना उठवून सांगितलं, "अगं, बिअर मुरते! लोणच्यासारखी मुरते!"

आम्ही न्यू जर्सीत राहतो, एडिसनला. इथे बिअर घ्यायची तर बहुतेक वेळा लिकर स्टोअरच गाठावं लागतं. घराजवळच्या अशाच एका दुकानात मी नऊ वर्षं जातेय. आत शिरायचं, उजवीकडून नेहमीच्या लागरचा खोका उचलायचा, पैसे द्यायचे, बाहेर. मागच्या भिंतीपर्यंत कधी गेलेच नव्हते. मालक घाटकोपरला वाढलेले गुजराती काका, मराठी अस्खलित. शनिवारी पाहुणे यायचे होते म्हणून खोका उचलला, तर काका म्हणाले, "ताई, तुम्ही घरी लोणचं घालता ना? मग जरा इकडे या."

मागच्या फळीवरून त्यांनी दोन बुटक्या बाटल्या काढल्या. खाली गोलसर, वर निमुळत्या, आणि लेबलवर तोंडात सोन्याची अंगठी धरलेला मासा. बेल्जियमच्या एका मठात बनणारी ओर्वाल. "नुसता मासा बघू नका, तारीख वाचा." एक बाटली चार महिन्यांपूर्वी भरलेली, दुसरी सतरा महिन्यांपूर्वी. तारीखही आपल्या सवयीची, आधी दिवस, मग महिना. "दोन्ही आजच उघडा, शेजारी शेजारी. आणि फ्रीजमधून काढल्यावर दहा मिनिटं थांबा."

पाहुणे यायच्या आधी मी आणि नवरा ओट्यापाशी उभे राहिलो. आधी ताजी बाटली. फेस इतका वर आला की ग्लास तीनदा थांबून भरावा लागला. रंग नारिंगी, किंचित गढूळ. वास संत्र्याची साल नखानं सोलल्यावर येतो तसा, मागे मिऱ्याची झाक आणि छान स्वच्छ कडवटपणा. मला तर तीच फार आवडली. मग दुसरी. ग्लास नाकाशी नेला आणि मी नवऱ्याकडे बघितलं, त्यानं माझ्याकडे. संत्रं गेलं होतं. तिथे नव्या कोल्हापुरी चपलांच्या चामड्याचा वास होता, आणि त्याच्या पाठोपाठ गोठ्यातल्या वाळल्या वैरणीचा. घोट घेतला तर गोडव्याचा मागमूस नाही. कोरडी, धारदार, जिभेवर बारीक बुडबुड्यांचा नुसता कल्ला. मठ तोच, कृती तीच, बाटली तीच. मध्ये काय झालं, तर तेरा महिने गेले!

रात्री पाहुणे गेल्यावर दोन वाजेपर्यंत वाचत बसले. ओर्वालच्या मठात ही बिअर 1931 पासून बनते. बाटलीत भरताना त्यात ब्रेटॅनोमायसिस नावाचं यीस्ट घालतात. नेहमीचं यीस्ट ज्या साखरा तशाच सोडून देतं, त्या हे सावकाश, महिनोन् महिने खात राहतं. म्हणजे झाकण लागल्यावरही आत काम चालूच असतं. या यीस्टची ओळख पटली तीही साठवणीच्या बिअरमुळेच. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्गमध्ये काम करणाऱ्या क्लाउसेन यांनी 1904 साली ते जगापुढे मांडलं. इंग्लंडमधल्या मुरवत ठेवलेल्या बिअरची खास चव त्याच्यामुळे येते, हे त्यांनी दाखवलं, आणि म्हणूनच नावाचा अर्थ झाला 'ब्रिटिश बुरशी'. मठाजवळच्या कॅफेत तर ओर्वाल ताजी हवी की जुनी, असं विचारूनच देतात. वाचता वाचता मला आजीची चिनी मातीची बरणी आठवली. दादरा बांधलेली, फडताळात मागे सरकवलेली, आणि "दिवाळीपर्यंत हात लावायचा नाही" असा सक्त हुकूम. आजीला हे सगळं सांगायला हवं होतं. तिला एका वाक्यात कळलं असतं.

रविवारी दुपारी पुन्हा दुकानात. काकांनी मला तासभर शिकवलं. सगळ्याच बिअर मुरत नाहीत. आयपीए, म्हणजे हॉप्सच्या फुलांनी घमघमणारी बिअर, ठेवायची नाही, हॉप्सचा सुगंध उडून जातो आणि ओल्या पुठ्ठ्यासारखा वास उरतो. ठेवायच्या त्या कडक, गडद किंवा आंबट. बाटली उभी ठेवायची, म्हणजे गाळ तळाशी बसतो. उजेड अजिबात नको, उजेडानं हॉप्सचा कडवटपणा बिघडून उग्र दर्प सुटतो. जागा थंड हवी, आणि त्याहून महत्त्वाचं, तापमान सारखं वरखाली होता कामा नये.

घरी काय काय आणलं सांगू? ओर्वाल सहा. 'रोशफोर 10' नावाच्या बिअरच्या तीन बाटल्या, 11.3 टक्के अल्कोहोलच्या, उघडली की काकवी आणि सुकं अंजीर. ही मी एक लगेच प्यायले, राहवलंच नाही. कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडाची बिगफूट, 9.6 टक्के. ही 1983 पासून दर हिवाळ्यात येते, म्हणजे दरवर्षीच्या थोड्या जपल्या तर सालं ओळीनं मांडून चाखता येतील. आणि एक ग्योझ, ब्रसेल्सच्या आसपासची. एक, दोन आणि तीन वर्षं लाकडी पिंपांत राहिलेली लँबिक नावाची आंबट बिअर एकत्र करून ती बाटलीत भरतात, मग ती तिथे पुन्हा फसफसते. मोठी बाटली, शॅम्पेनसारखं तारेनं बांधलेलं बूच. ती उघडायचा धीर अजून झालेला नाही.

बेसमेंटमध्ये जिन्याखाली, बॅगांच्या मागे, मी एक फळी मोकळी केलीय. थर्मामीटर टांगलाय, तो 13 अंश दाखवतो. प्रत्येक बाटलीच्या गळ्यात पांढऱ्या दोऱ्यानं चिठ्ठी बांधलीय. एका ओर्वालवर 'पाडवा', एकीवर 'पुढची दिवाळी', एकीवर 'त्याच्या पुढची'. रोज रात्री झोपायच्या आधी खाली जाऊन बघून येते. वरून काहीच बदलत नाही, पण आत चाललेलं असतं, हे माहीत असताना कसं राहवणार?

आज दुपारी काकांचा फोन आला. गोदाम आवरताना ग्योझचा एक खोका सापडलाय, तळाशी राहून गेलेला, पाच वर्षांचा. माझ्यासाठी दोन बाटल्या बाजूला ठेवल्यात. उद्या दुकान दहाला उघडतं. मी पावणेदहाला तिथे असेन.