राजीचं सरबत

होळीला पुण्याहून मुलगा, सून आणि नात आले होते. नात आता तेरा वर्षांची झाली. बल्लारशाला गाडीतून उतरून राजुऱ्यावरून गडचांदूरला येताना तिने रस्त्याकडेचे पळस पाहिले आणि घरात पाऊल टाकल्या टाकल्या विचारलं, "आजी, या केशरी फुलांचं मॉकटेल करता येईल का गं?"

मॉकटेल हा शब्द मला नवा. चौकशी केल्यावर कळलं, दारूसारखं सजवून दिलेलं बिनदारूचं सरबत! आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ ते २०२१ दारूबंदी होती. म्हणजे कागदोपत्री सहा वर्षं आम्ही सगळे मॉकटेलच पीत होतो म्हणायचं. असो.

तर झालं होतं असं, की तिच्या मैत्रिणींनी एक बेत आखला होता. प्रत्येकीने आपल्या आवडत्या व्हिडिओ गेममधलं एक पात्र निवडायचं आणि त्या पात्राला शोभेल असं पेय करून आणायचं. आमच्या नातीने निवडली होती राजी. "आजी, ती दिसायला नाजूक आहे, पण एकदम तिखट आहे. म्हणून फुलाचं पाहिजे, आणि आंबट पाहिजे."

खरं सांगते, व्हिडिओ गेम म्हटलं की माझ्या कपाळाला आठ्या पडतात. चौतीस वर्षं मराठी शिकवलं. शेवटच्या काही वर्षांत तर वर्गात किती मोबाईल जप्त केले त्याची गणती नाही. पण नातीने मला शेजारी बसवलं आणि खेळ दाखवला. 'राजी : ॲन एन्शंट एपिक' असं त्याचं नाव. पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्स नावाच्या छोट्या कंपनीने तो बनवला आणि २०२० मध्ये तो आला. त्या वर्षी परदेशातल्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या खेळांत त्याला नामांकनही मिळालं होतं. मला वाटलं होतं नुसती धडाधड गोळीबारी असेल. इथे तर पहाडी शैलीच्या चित्रांसारखे रंग, दगडी महाल आणि मध्ये मध्ये गोष्ट पुढे नेणाऱ्या सावल्यांच्या बाहुल्या! मला आपल्या पिंगुळीच्या चामड्याच्या बाहुल्याच आठवल्या. गोष्ट सांगतात कोण, तर दुर्गा आणि विष्णू.

राजी ही डोंबाऱ्यासारखे कसरतीचे खेळ करणारी मुलगी. खांबाला धरून गरकन फिरते, भिंतीवरून धावते. असुरांची स्वारी होते आणि ते तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, उचलून नेतात. दुर्गा तिच्या हाती त्रिशूल देते आणि ही पोर भावाला शोधायला एकटी निघते. समोर महाबलासुर नावाचा असुरांचा राजा. मी चष्मा सारखा करून पाहत बसले. वरण करपायचं तेवढं राहिलं.

मध्येच नातीने विचारलं, "आजी, तुला पण धाकटा भाऊ आहे ना? पप्पा म्हणाले. मग तो कधी येत का नाही?"

मी म्हटलं, "आधी तुझ्या सरबताचं बघू."

दुसऱ्या दिवशी मुलगा अमलनाल्याच्या रस्त्यावरून पिशवीभर फुलं घेऊन आला. माझी आई होळीच्या आदल्या रात्री पळसाची फुलं उकळून ठेवायची. सकाळी त्याच पाण्याने आम्हा भावंडांना न्हाऊ घालायची, म्हणजे उन्हाळा बाधत नाही, आणि एकेक पेला सरबत द्यायची. पुढे माझ्या संसारात रसना आलं, बाटल्या आल्या, आणि ते सरबत मागे पडलं. मला वाटलं, त्यात अवघड ते काय? फुलं उकळली, साखर घातली, दोन लिंबं पिळली.

दोन गोष्टी झाल्या. लिंबू पडताच तो सुंदर केशरी रंग फिका पिवळा झाला. नात हिरमुसली. हे मात्र मला समजावून सांगता आलं. पळसाचा रंग चुन्याने गडद होतो आणि आंबटाने उतरतो. म्हणून तर होळीच्या रंगात आम्ही चिमूटभर चुना टाकायचो. दुसरी गोष्ट म्हणजे ते कडू लागत होतं. आणि वास? तो नाहीच! संस्कृतातल्या सुभाषितकारांनी पळसाला उगीच नाही हिणवलं, रूप आहे पण गंध नाही म्हणून.

वासावर उपाय अंगणातच सापडला. आमच्या कागदी लिंबाला बहर आला होता. आपण माठात मोगरा टाकतो तशी पाच-सहा फुलं गार पाण्यात रात्रभर टाकून ठेवली. पाणी असं घमघमलं की विचारू नका. बाजारात मृग बहाराचा संत्रा होता, म्हणजे गोडसर आंबटपणाचीही सोय झाली. पण कडूपणा काही जाईना. आई नेमकं काय करायची? ते सांगू शकेल असं आता जगात एकच माणूस होतं.

माझा भाऊ. आम्ही त्याला बापू म्हणतो. अदिलाबादला असतो. सकाळी जाऊन संध्याकाळी परत यावं इतकं जवळ. आणि पंधरा-सोळा वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो.

आमचे आबा २००७ मध्ये गेले. दोन वर्षांनी आमची जमीन चुनखडीच्या खाणीसाठी गेली आणि मोबदल्याचा प्रश्न आला. आमच्याकडे रीत अशी, की बहिणीने हक्कसोडपत्रावर सही करायची आणि माहेरची साडी घेऊन निघायचं. पण २००५ साली कायदा बदलला होता. वडिलोपार्जित जमिनीत मुलीलाही मुलाइतकाच हक्क मिळाला होता. मी नुकती निवृत्त झाले होते, ह्यांचं आजारपण सुरू होतं, नागपूरच्या वाऱ्या चालू होत्या. मी सही केली नाही. बापू म्हणाला, "सख्ख्या बहिणी असं करतात का?"

हिस्सा घेतला याचा मला आजही पश्चात्ताप नाही. तो माझा होता आणि मला लागत होता. कुणा बहिणीने विचारलं तर आजही हेच सांगेन. पण त्या दिवशी तहसीलच्या ओसरीत, गावच्या दहा माणसांसमोर, मी त्याला म्हटलं होतं, "आधी कायदा वाचून ये, मग बोल." वर्गातल्या ढ मुलाला दरडावावं तसं. बापू दहावीला दोनदा नापास झालेला. त्याचा अभ्यास घेणारी मीच. कुठे बोट ठेवलं की दुखेल, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तो एक शब्द न बोलता निघून गेला. पहिली दोन वर्षं मी पोस्टाने राखी पाठवली. उत्तर आलं नाही, मग मीही थांबवलं. मनात म्हणायची, त्याने आधी बोलावं.

तिकडे ती राजी भावासाठी असुरांच्या राज्यात शिरत होती, आणि माझ्याच्याने फोन उचलवत नव्हता. मुलाकडून नंबर घेतला. अंगणात जाऊन लावला.

"कोण बोलून राहिलं?"

"बापू, मी अक्का."

बराच वेळ काही नाही. मग, "हं, बोल."

मला दुसरं काही सुचेना. विचारलं, "माय पळसाचं सरबत कसं करे रे? माझं कडू होऊन राहिलं."

पुन्हा शांतता. मग म्हणाला, "देठाकडची काळी वाटी काढली होती का?"

"नाही."

"मंग कडू नाही लागन तं काय! माय एकेक फूल सोलत बसे. तू पुस्तक घेऊन बसे, तुले काय माहीत? अन् लिंबू गरम पाण्यातच पिळलं असशील. थंड होऊ दे ना बाप्पा. अन् साखर नको, गूळ टाक." मग जरा थांबून, "फुलं कुठची आणली? आपल्या धुऱ्यावरची?"

"धुरा कुठे राहिला बापू आता? खाण आहे तिथे."

"हो. माहीत आहे मले."

लहानपणी त्या धुऱ्यावरच्या पळसावर तो चढायचा आणि मी खाली ओचा पसरून उभी राहायची. ते दोघांनाही आठवत असणार. बोललं कुणीच नाही. मी म्हटलं, "त्या दिवशी तहसीलात मी बोलले, ते चुकलं माझं." हिश्शाचं नाही म्हटलं, बोलण्याचंच म्हटलं. त्याला फरक कळला असावा. म्हणाला, "सोड ना. पोरीले सरबत दे आधी." आणि फोन ठेवला.

कुणाला करून पाहायचं असेल तर प्रमाण देते. पळसाच्या दोन मुठी पाकळ्या, काळी वाटी काढून टाकलेल्या. लिटरभर पाण्यात मंद आचेवर उकळाव्या, गाळून गार कराव्या. चवीप्रमाणे गूळ, दोन लिंबांचा आणि एका संत्र्याचा रस, लिंबाच्या फुलांचं वाटीभर पाणी, चिमूटभर सैंधव. झाडावर औषध फवारलेलं नसावं. रंग पिवळाच येतो, त्याला इलाज नाही. नातीने चाखलं, डोळे मिटले आणि म्हणाली, "आजी, आधी फुलासारखं लागतं आणि मग मारतं. राजीच आहे!"

जाताना तिने सुकवलेल्या पाकळ्यांची पुडी पुण्याला नेली. पुढच्या आठवड्यात बापूचा फोन आला. सरबत कसं झालं, एवढंच विचारायला. मी सांगितलं, गूळ घातल्यावर बरं झालं. तो म्हणाला, "मी म्हटलंच होतं."

राखीपौर्णिमेला अजून अवकाश आहे. या वेळी पोस्टाने पाठवायची की अदिलाबादची बस धरायची, तेवढं ठरवायचं आहे.