चटईत न मावणारं

आमच्या लालबागच्या चाळीच्या पुनर्विकासाचे कागद गेल्या महिन्यात घरोघर आले आणि तेव्हापासून गॅलरीत एकच विषय. "तुमचे किती फूट?" "आमचे किती फूट?" पूर्वी बायका भेटल्या की आज काय केलंत म्हणून विचारायच्या, आता कार्पेट एरिया विचारतात! आमचे यजमान तर भिंग घेऊन नकाशावरच बसलेले असतात.

मला नव्या घराचं अप्रूप नाही असं मुळीच नाही हं. १९७९ साली गिरगावातल्या वाडीतून लग्न होऊन इथं आले, तेव्हापासून आजतागायत सामाईक संडास. आता गुडघे कुरकुरतात. रात्री दोन वाजता बॅटरी आणि बादली घेऊन गॅलरीच्या टोकापर्यंत जायचं म्हणजे काय, ते चाळीच्या आठवणींनी गहिवरणाऱ्यांनी एकदा अनुभवावं. तेव्हा सही करायला माझी ना नव्हतीच.

पण मधेच आमच्या नातीनं मला विचारात पाडलं. तिला कॉलेजात कसलासा प्रकल्प करायचा होता. म्हणाली, "आजी, शहर नीट चाललंय की नाही तेही मोजतात, ठाऊक आहे तुला?"

मी म्हटलं, "शहर म्हणजे काय वाण्याकडची डाळ आहे?"

मग तिनं मला समोर बसवून समजावलं. संयुक्त राष्ट्रसंघानं २०१५ साली जगासाठी शाश्वत विकासाची सतरा उद्दिष्टं ठरवली. त्यांतलं अकरावं शहरांचं. शाश्वत म्हणजे, आज आपण घ्यायचं, पण उद्याच्या पोराबाळांच्या तोंडचं काढून नाही. मे महिन्यात वर्षाचा मसाला कुटून आणून तो पुढच्या मेपर्यंत पुरवणाऱ्या बाईला हे काय निराळं शिकवायला हवं?

मोजायची रीत मात्र मला नवी होती. घरातून निघून पाचशे मीटरच्या आत बसथांबा आहे का? चारशे मीटर चाललं की सर्वांना खुली अशी मोकळी जागा मिळते का? आणि बायका, म्हातारी माणसं, अपंग यांचा हिशेब त्यात वेगळा धरायचा. "नुसतं मैदान असून भागत नाही, आजी. तिथं तुला जाता येतं का, ते बघायचं," नात म्हणाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघी निघालो. तिच्या हातात फोन आणि मी देवळातल्या प्रदक्षिणा मोजाव्यात तशी पावलं मोजतेय. बसथांबा दोनशे साठ पावलांवर. पास! मग मैदान. नकाशावर सरळ रेघ ओढली तर ते साडेतीनशे मीटरवर होतं. पण माणूस काही रेघेवरून चालत नाही. फुटपाथवर मोटारसायकली, म्हणून रस्त्यावर उतरा. रस्ता ओलांडायला वळसा घाला. हजारावर पावलं झाली तेव्हा फाटक दिसलं. आत मुलगे क्रिकेट खेळत होते, बाकांवर पत्त्यांचा डाव रंगला होता. बायका नातीनं मोजल्या. चार! त्याही कठड्याला टेकून उभ्या. बायकांच्या मुतारीला कुलूप. "कागदावर हे मैदान आपल्या वाट्याचं धरलेलं असणार," नात म्हणाली आणि वहीत फुली मारून मोकळी झाली.

आपल्याकडे माप कोणतं? चटईक्षेत्र निर्देशांक! जमिनीच्या किती पट बांधकाम करायचं, ते सांगणारं हे माप मुंबईत १९६४च्या विकास आराखड्याबरोबर आलं. नाव किती घरगुती आहे नाही? पण चटई अंथरून पाहुणा निजवला म्हणजे संपलं का? सकाळी त्याला पाणी लागतं, मोरी लागते, दाराबाहेर पडायला वाट लागते. ते काही चटईत येत नाही.

आमच्या गिरणगावानं हे फार महागात शिकलंय. सासरे गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला आणि पुढे गिरण्यांचे भोंगे एकेक करून गप्प झाले. मागं राहिली सुमारे ६०० एकर जमीन. १९९१ साली नियम झाला, की गिरणीच्या जमिनीचा विकास करायचा तर एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश घरांसाठी आणि उरलेला मालकाचा. चार्ल्स कोरिया यांच्या समितीनं १९९६ साली या जमिनींचा एकत्र विचार करून आराखडाही दिला. त्यात परळ आणि एल्फिन्स्टन रोड स्टेशनांपाशी पायी चालणाऱ्यांसाठी ऐसपैस जागा सुचवली होती. पण २००१ साली नियम बदलला. वाटणी फक्त आधीच रिकाम्या असलेल्या जमिनीची करायची, असं ठरलं. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानंही ते मान्य केलं. ताटातली पोळी तीच, पण वाटणी नुसत्या कडेची!

मग टॉवर आले, ऑफिसं आली, हजारो माणसं कामाला येऊ लागली. चटया वाढल्या, जिना तेवढाच राहिला. माझी धाकटी लेक डोंबिवलीला दिलेली. ती परळला उतरून तोच पूल ओलांडून ऑफिसला जायची. २९ सप्टेंबर २०१७, दसऱ्याचा आदला दिवस. मी झेंडूची तोरणं ओवत होते. अचानक पाऊस आला, पुलावर माणसं खोळंबली आणि चेंगराचेंगरी झाली. २३ माणसं गेली. लेकीचा फोन दुपारी बारापर्यंत लागेना. ती एक गाडी मागं राहिली होती, एवढंच आमचं नशीब. ओवलेली तोरणं त्या वर्षी दाराला लागली नाहीत. पुढे लष्करानं नवा पूल बांधला आणि फेब्रुवारी २०१८मध्ये तो खुला झाला. म्हणजे मनात आणलं तर पाच महिन्यांत होतं!

तुम्ही म्हणाल, बायकांनी विचारून काय होतंय? थोडं होतं. मुंबईच्या २०३४पर्यंतच्या आराखड्याचा पहिला मसुदा २०१५ साली आला तेव्हा त्यात इतक्या चुका निघाल्या, की सरकारनं तो परत करायला लावला. त्या काळात महिला संघटनांनी पाठपुरावा केला आणि २०१८च्या आराखड्यात नोकरदार महिलांची वसतिगृहं, मुलं नि वृद्धांसाठी संगोपन केंद्रं, आधार केंद्रं यांच्यासाठी आरक्षणं आली. कागदावरची आरक्षणं जमिनीवर उतरायची आहेत, हे खरं. पण न विचारतो तर कागदावरही नसती. माझ्या माहेरचंच बघा. ऑक्टोबर २०२५पासून गिरगावातून भुयारी मेट्रोनं थेट दादरला येता येतं. आमच्या वहिनी सत्तरीच्या, आता लिफ्टनं उतरून एकट्या येतात. मला विचाराल तर हेही एक मापच.

रविवारी पटांगणात सभा झाली. मी कॅलेंडरच्या पाठीमागं चार प्रश्न लिहून नेले होते. दरमहा देखभालखर्च किती आणि पहिली दहा वर्षं तो कोण भरणार? लिफ्ट बंद पडली तर दुसरी आहे का? फाटकापासून बसथांब्यापर्यंत चालायची वाट मोकळी राहणार का? आणि मुलांना खेळायला, आम्हांला टेकायला जमिनीवर किती जागा?

कुणीतरी हसून म्हणालं, "काकू, तुमचे फूट वाढवून घ्या, बाकीचं होतं मग."

तेवढ्यात कोपऱ्यातल्या खोलीतल्या वहिनी उठल्या. चाळीस वर्षांत सभेत त्यांचा आवाज कुणी ऐकला नव्हता. म्हणाल्या, "त्यांच्या चौथ्या प्रश्नाचं उत्तर द्या ना!"

बिल्डरचा माणूस म्हणाला, जमिनीवर सगळं पार्किंग, बाग सातव्या मजल्यावर. सातव्या मजल्यावर बाग! क्षणभर सगळे गप्प. मग बायका एकदमच बोलायला लागल्या आणि शेवटी चारही प्रश्न इतिवृत्तात लिहून घ्यावे लागले. लेखी उत्तर पंधरा दिवसांत देतो म्हणालेत.

माझा कागद अजून गव्हाच्या डब्याखाली आहे. सही करणार आहे मी, घर मलाही हवंय. पण उत्तर वाचून करणार. तोवर यजमानांना भिंग बाजूला ठेवायला लावलंय आणि रोज संध्याकाळी त्यांना माझ्याबरोबर ती हजार पावलं चालायला नेतेय. काल वाटेत त्यांनी स्वतःच मोटारसायकली मोजल्या. सतरा निघाल्या.