जाळ्याचं शिसं

जाळं तळाला बसायचं तर खालच्या दोरीला शिसं लागतं. आमच्याकडे ते पूर्वी विकत यायचं. १९८९ साली न्हावा-शेव्याचं बंदर सुरू झालं, कंटेनरचे ट्रेलर धावू लागले आणि शिसं दारातच मिळू लागलं. एका ट्रेलरला बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या. निकामी झालेली बॅटरी क्लीनर स्वस्तात देऊन टाकायचा.

बाबा ती परसात उपडी करायचे. ॲसिड फसफसत जमिनीत मुरायचं. मग कुऱ्हाडीने खोकं फोडून आतल्या प्लेटा कढईत घालायच्या आणि कढई चुलीवर. शिसं ३२७ अंशांना वितळतं, लाकडाचा जाळ त्याला पुरतो. इतक्या सहज होणाऱ्या कामात विष असेल, असं मनात येणार तरी कसं? वर तरंगणारी करडी राख आम्ही कुंपणाशी टाकायचो. चकचकीत रस साच्यात पडताना बघायला आम्ही मुलं कढईला चिकटून बसायचो.

पुढे ताईचा मुलगा चार वर्षांचा असताना सारखं पोट दुखतं म्हणून रडू लागला. जेवेना, चिडचिड करी. जंतांचं औषध देऊन झालं. शेवटी पनवेलच्या डॉक्टरांनी विचारलं, "घरी बॅटऱ्या फोडता का?" रक्त तपासलं, त्यात शिसं निघालं. पोर त्याच कुंपणाशी मातीत खेळायचं.

"एवरी वरसा झाली, मना काय झाला?" बाबा म्हणाले. डॉक्टरांनी शांतपणे समजावलं, की पोटात गेलेलं शिसं मोठ्यांपेक्षा लहान मुलांचं शरीर चार-पाच पट जास्त शोषतं. ते हाडांत वर्षानुवर्षं साठून राहतं आणि मेंदूची हानी भरून येत नाही. बाबा परतीच्या वाटेवर एक शब्द बोलले नाहीत. कढई पुन्हा चुलीवर चढली नाही. कुंपणाजवळच्या मातीवर आम्ही कोबा करून घेतला.

आता होडीच्या इंजिनाची बॅटरी बदलताना जुनी मी दुकानातच देतो. वाहनांच्या जुन्या बॅटऱ्या विक्रेत्याने परत घ्याव्यात आणि नवीच्या किमतीत सूट द्यावी, असा नियम २००१ सालीच झाला. २०२२ च्या नियमांत रिमोटच्या सेलपासून विजेच्या गाडीच्या बॅटरीपर्यंत सगळं आलं. तरी भंगारवाले अजून सांगतात, "पाणी काढून आणा." ते पाणी म्हणजे शिसं मिसळलेलं ॲसिड. ते ओतायचं कुठे? आपल्याच गटारात, तिथून खाडीत, जिथे आमच्या बायका कालवं काढतात. परवानाधारक कारखान्यात ॲसिडवर प्रक्रिया होते, धूर गाळला जातो, प्लास्टिकचं खोकंही पुन्हा वापरात येतं.

न्हावा-शेव्याच्या माझ्या ट्रेलरवाल्या आणि होडीवाल्या भावांनो, शंभर-दोनशे रुपये कमी मिळाले तरी चालतील. बॅटरी उघडू नका, आडवी करू नका. जशी आहे तशी दुकानदाराला द्या आणि पावती घ्या.