ओल्या पावलाचा ठसा

केळीला पाणी भरून आलो की वडील आणि मी ओट्यावर पाय धुवायचो. शहाबादी फरशीवर दोघांचे ठसे शेजारी शेजारी उमटायचे. वडिलांच्या ठशात टाच आणि चवडा यांच्यामध्ये आतल्या बाजूला कोरडी फरशी राहायची, दिवाळीत आई काढायची त्या लक्ष्मीच्या पावलासारखी. माझा ठसा मात्र सलग, भरीव. आजी म्हणायची, "फताळ्या पायाचा मानूस भुई नही सोळत." तिचे पाय तसेच होते. त्याच पायांनी ती 1936 च्या डिसेंबरात अनवाणी चालत फैजपूरच्या काँग्रेस अधिवेशनाला गेली होती. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन, नेहरू अध्यक्ष. तिचे पाय दुखल्याचं मी कधी ऐकलं नाही.

लष्कराच्या भरतीत मी धावण्यात पुढे होतो. तपासणीत पाय सपाट दिसले आणि मला बाजूला काढलं. ते फार लागलं. पुढे मास्तर झालो. दिवसभर सिमेंटच्या जमिनीवर उभं राहणं, पायात कडक बूट. चाळिशीत आतला घोटा ठणकू लागला, संध्याकाळी पोटरी दगडासारखी व्हायची.

डॉक्टरांनी कागदावर पाय काढून दाखवला. पोटरीत खोलवर टिबियालिस पोस्टेरिअर नावाचा स्नायू असतो. त्याची दोरी आतल्या घोट्यामागून वळून तळपायाच्या हाडांना धरते आणि कमान तोलते. सपाट पायात हा स्नायू पावलागणिक जास्त राबतो. नडगीच्या बाहेरच्या अंगाचा पेरोनिअस लाँगस मात्र कमी काम करतो.

बुटात कमानीला आधार देणारे इनसोल घातले. आतला ठणका आठवड्यात उतरला, पण बाहेरची बाजू अवघडू लागली. मी घाबरलो. नंतर वाचलं, ऑस्ट्रेलियातल्या ला त्रोब विद्यापीठाच्या संशोधकांनी 2010 मध्ये सपाट पायांच्या माणसांचे स्नायू चालताना मोजले होते. इनसोल घातल्यावर पाऊल टेकताना आतल्या स्नायूचं काम कमी झालं आणि पुढे रेटा देताना बाहेरच्याचं वाढलं. माझ्या पायानं आधीच सांगितलं होतं ते.

आमच्याकडे घड भरला की केळ कलते, म्हणून बांबूचा टेकू देतात. टेकूनं झाड वाचतं, खोड जाड होत नाही. इनसोलचंही तसंच. म्हणून मी रोज उंबऱ्याशी उभा राहून टाचा वर-खाली करतो, आणि घरात अनवाणी वावरतो.

नातवाचा ठसाही सलग उमटला तेव्हा घरात महागड्या बुटांची बोलणी सुरू झाली. मी थांबवलं. कर्नाटकातल्या राव आणि जोसेफ या डॉक्टरांनी 4 ते 13 वर्षांच्या 2300 मुलांचे ठसे तपासून 1992 मध्ये लिहिलं होतं : पादत्राणं वापरणाऱ्यांत सपाट पाय 8.6 टक्के, अनवाणी फिरणाऱ्यांत 2.8 टक्के. नातवाला चवड्यांवर उभं केलं, तर तळपायाखाली कमान स्वच्छ उभी राहिली. त्याला बांधावर पळायला सोडून दिलं.

तुमच्या घरी असा ठसा उमटला तर आधी मुलाला चवड्यांवर उभं करून पाहा. कमान दिसली आणि पाय दुखत नसेल, तर त्याला खेळू द्या. पाय ताठर असेल किंवा दुखत असेल, तर मात्र दुकानात न जाता आधी अस्थिरोगतज्ज्ञाकडे न्या.